लातूरचे परस आणि नांदेडची बरणी

मराठवाड्याच्या प्रवासवर्णनात काही स्थळे ठरलेलीच असतात. लातूरविषयी लिहावयाचे तर सिद्धेश्वराचे देऊळ, गंजगोलाईची वर्तुळाकार पेठ आणि तुरीच्या डाळीचा व्यापार. नांदेडविषयी लिहावयाचे तर गोदावरीचे घाट आणि सचखंड गुरुद्वारा. ही सर्व मी पाहिली आहेत आणि ती पाहण्यासारखी आहेत यात शंका नाही. परंतु गेल्या मार्गशीर्षात या दोन जिल्ह्यांतून पंधरा दिवस फिरले असता माझ्या मनात जे राहिले ते देवळात किंवा पेठेत दिसलेले नव्हे. ते परसातले, आणि तेही जमिनीखालचे. त्याची हकीकत सांगावयाची म्हणजे आधी एका डोहाळ्याची हकीकत सांगितली पाहिजे.

माझी थोरली बहीण लातूरला दिलेली. कुर्डुवाडीहून बार्शीमार्गे लातूरला जाणारी लहान गाडी १९११ साली सुरू झाली आणि तिच्या संथपणाच्या गोष्टी आमच्या घरी पुष्कळ दिवस चालत असत. आता तो मार्ग रुंद झाला असून पुण्याहून रात्री निघालेला मनुष्य सकाळच्या चहाला लातुरात पोचतो. बहिणीचे सासर एकत्र कुटुंबाचे. दोघे भाऊ, त्यांची मुले-सुना, आणि सर्वांच्या वर अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माई, म्हणजे बहिणीच्या सासूबाई. जुना माळवदाचा वाडा पाडून तेथे सिमेंटचे दुमजली घर झाले. पण मागचे परस मात्र माईंनी कोणास हात लावू दिला नाही. आड बुजला आहे, त्याच्या कडेला तुळस, कढीलिंब, एक कागदी लिंबू, आणि मोरीचे पाणी जेथे जिरते तेथे शेवग्याचे जुने झाड.

या घरची लेक, माझी भाची, जर्मनीतील एर्लांगेन या शहरी नोकरीनिमित्त पाच वर्षे राहते. तिला पाचवा महिना लागला होता आणि पहिलटकरीण म्हणून ती माहेरी आली होती. आता डोहाळे म्हटले म्हणजे आपल्याकडे चिंच, कैरी, आवळा, क्वचित भाजलेली माती. हिला डोहाळे लागले ते एका मुळीचे! एर्लांगेनच्या शेजारी बायर्सडोर्फ नावाचे लहानसे गाव आहे. आपल्याकडे जशी काही गावे मिरचीची किंवा हळदीची म्हणून ओळखली जातात, तसे ते गाव हॉर्सरॅडिशच्या मुळीचे म्हणून ओळखले जाते. तिकडचे लोक ही मुळी किसून मांसाबरोबर खातात. आमची भाची शाकाहारी, ती उकडलेले बीट व बटाटे यांबरोबर खाई. शेजारच्या ऑस्ट्रियात तीच मुळी किसलेल्या सफरचंदात कालवतात, तो प्रकार तिच्या विशेष आवडीचा. लातुरास आल्यावर चौथ्याच दिवशी तिला त्या झणझणाटाची अशी काही ओढ लागली की तुरीच्या डाळीचे वरण समोर असता ती नुसती ताटाकडे पाहत बसे.

‘हॉर्स’ म्हणजे घोडा खरा; पण येथे त्या जनावराचा संबंध नाही. इंग्रजीत एखादी वनस्पती थोराड किंवा उग्र असली म्हणजे तिला हे विशेषण जोडतात. आपण घोडचूक म्हणतो, लग्नाचे वय उलटलेल्यास घोडनवरा म्हणतो, तशातलाच तो प्रकार. तेव्हा हॉर्सरॅडिश म्हणजे घोडमुळा! प्रत्यक्षात तो मुळ्याचा सख्खा भाऊ नसून मोहरीच्या कुळातला चुलतभाऊ आहे. रोप पाने पसरून वर्षानुवर्षे जमिनीत राहते. थंडीने वरची पाने मरतात, मुळी जिवंत राहते, आणि एकदा एखाद्या कोपऱ्यात रुजली की खणून काढली तरी राहिलेल्या तुकड्यातून पुन्हा फुटते, अशी तिची चिवट कीर्ती आहे.

परसात हा घोडमुळा लावता येईल काय, हा प्रश्न भाचीने पहिल्याच दिवशी विचारला होता. येणार नाही असे नव्हे, पण तो सुखाने नांदणार नाही. त्याला हिवाळ्याची कडक झोप लागते. आपला मार्गशीर्ष-पौष म्हणजे त्याच्या लेखी जेमतेम डुलकी. वैशाखात लातूरचा पारा चाळिशीपलीकडे गेला म्हणजे पाने करपणार, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी तुंबले म्हणजे मुळी सडणार. दुसऱ्याच्या देशातील झाड आपल्या अंगणात लावण्याचा हौशी लोकांचा उद्योग मला ठाऊक आहे. त्यात झाडाच्या सुखदुःखाचा विचार फारसा नसतो.

घरातील मोठे भाऊजी विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. पुतणीचे डोहाळे पुरविण्यासाठी त्यांनी पुस्तके काढली आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीला विजयी मुद्रेने येऊन सांगितले, “परदेशी जायला नको. तुझा हॉर्सरॅडिश मोरीपाशी उभा आहे!” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. शेवग्यास इंग्रज लोक ‘हॉर्सरॅडिश ट्री’ म्हणत. यूल आणि बर्नेल या दोघांनी १८८६ साली हिंदुस्थानात रुळलेल्या इंग्रजी बोलीचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा जो प्रसिद्ध कोश छापला, त्यात हा शब्द आहे, आणि शेवग्याची किसलेली मुळी विलायती मुळीच्या ऐवजी वापरतात असेही तेथे नोंदले आहे. गोऱ्या साहेबास विलायतेतील जेवणाची आठवण होई, खरी मुळी येथे मिळत नसे, तेव्हा खानसाम्याने बागेतील शेवग्याची मुळी खणावी, साल काढून किसावी, सिरका घालून टेबलावर मांडावी. निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंटची एक छावणी हिंगोलीस होती आणि एक मोमिनाबादेस, म्हणजे आपल्या अंबाजोगाईस. तेथल्या साहेबांनीही शेवगा खणलाच असेल, असे भाऊजींचे अनुमान. असेल बापडा, मला त्याचा पुरावा कोठे दिसला नाही.

गंमत अशी की ही तिखट मुळी ओळखण्यास आपल्याला साहेबाची गरज नव्हती. अमरकोशात शेवग्यास शोभांजन, शिग्रु, अक्षीव, मोचक अशी नावे आहेत आणि त्यांच्याच पंक्तीत तीक्ष्णगंधक हेही नाव आहे. आपण ज्या झाडाच्या फक्त शेंगा चोखतो त्याचा उग्र वास त्या कोशकाराच्या नाकास चांगला ठाऊक होता. भावप्रकाशात शेवग्याच्या बीजास श्वेतमरिच, म्हणजे पांढरी मिरी म्हटले आहे. मनुस्मृतीत वानप्रस्थाने काय काय वर्ज्य करावे हे सांगताना मध, मांस, अळंबी यांच्याबरोबर शिग्रुचेही नाव घेतले आहे. वनात जाऊन इंद्रिये शांत करू पाहणाऱ्यास हे झाड फार झणझणीत वाटले असावे! गृहस्थाश्रमींस मात्र मनूने ती बंदी केलेली नाही, हे आपले भाग्य.

भाऊजींनी बागकामास येणाऱ्या माणसास बोलाविले. तो बुंध्याभोवती फिरला, नाराजीने म्हणाला, “मुळाला हात लावला की झाड बसतंय बघा, काका. लई जुनं हाय.” तरी कडेची एक बारीक मुळी काढण्याचे ठरले आणि कुदळीचे दोन घाव पडलेही. इतक्यात माई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. माईंचा आवाज या वयातही बारीक झालेला नाही.

“कुदळ खाली ठेवायला सांग, दादा.”

“माई, एकच मुळी काढतो आहे. झाडाला काही होत नाही.”

“झाडाचं मी म्हणत नाही. घरात पोटुशी पोर आहे. ती मुळी या उंबऱ्याच्या आत यायची नाही.”

भाऊजी थांबले. पुरुषमंडळी बाहेर गेल्यावर माईंनी मला, बहिणीला आणि भाचीला माजघरात बसवून जे सांगितले ते मी येथे थोडक्यात लिहिते, कारण ते कोणत्याही पाकशास्त्राच्या पुस्तकात नाही आणि असावयास पाहिजे. माईंचे माहेर औसा तालुक्यात. त्या नऊ-दहा वर्षांच्या असतील. रझाकारांची धामधूम सुरू होण्याच्या आधीचे वर्ष. शेजारच्या वाड्यात एक बालविधवा होती, माईंपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, माईंची वेणी घालून देणारी. एके दिवशी परसाच्या दाराने एक वैदू बाई आली आणि पदराखालून काही देऊन गेली. वास येत होता मोहरीसारखा, हे माईंना पक्के आठवते, कारण त्यांनी विचारले होते आणि त्यांना चापट बसली होती. तिसऱ्या दिवशी ती मुलगी गेली. गावाने पटकी म्हटले. त्या साली गावात दुसऱ्या कोणास पटकी झाली नव्हती.

“शेवग्याची मुळी कशासाठी नेतात ते आम्हांला तेव्हा कोणी सांगितलं नाही,” माई म्हणाल्या. “पण मोठ्या झाल्यावर बायकांना सगळं कळतंच.”

आजचे शास्त्र माईंच्या बाजूचे आहे. शेवग्याच्या मुळीत, विशेषतः तिच्या सालीत, मोरिंजिन व मोरिंजिनिन नावाची द्रव्ये आहेत; मुळीच्या अर्काने उंदरांच्या मादीचा गर्भ टिकत नाही असे प्रयोगांत दिसून आले आहे; आणि मुळी फार खाल्ली गेल्यास मज्जातंतूंवर वाईट परिणाम होतो असा इशारा वैद्यकग्रंथांत दिलेला असतो. साहेबाच्या टेबलावर चिमूटभर किसलेली, साल काढलेली मुळी येई, तेव्हा त्याचे निभावले. परंतु ज्या घरात गर्भवती स्त्री आहे तेथे ही मुळी औषध म्हणून नको, चव म्हणून नको, गंमत म्हणूनही नको. भाऊजींना हे सायंकाळी कळले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. कोश त्यांनी कपाटात ठेवला. कोशकारांचा मी दोष म्हणत नाही. त्यांनी खानसाम्यास विचारले, सुइणीस विचारले नाही, एवढेच.

मग डोहाळ्याचे काय? तोही माईंनीच सोडविला. “तिला नाकात जाणारं तिखट पाहिजे ना? मग मोहरी फेसा की!” पाट्यावर मोहरी घेतली, थंड पाण्याचा हबका देत देत बहिणीने ती फेसली. चार-पाच मिनिटांत माजघरात सर्वांच्या डोळ्यांना पाणी! उकडलेले बीट किसून, त्यात दही, मीठ, किंचित साखर आणि ही फेसलेली मोहरी घालून ताटात वाढली. भाचीने पहिला घास घेतला, नाक मुठीत धरले, आणि तिच्या तोंडून जर्मन भाषेतील जो उद्गार निघाला त्याचा अर्थ आम्हांस विचारावा लागला नाही. त्या दिवशी तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या.

यात नवल नाही, हे भाऊजींनीच मग फळ्याशिवाय शिकविले. हॉर्सरॅडिशची मुळी अखंड असता तिला फारसा वासच नसतो. तिच्या पेशींत एक द्रव्य एका कप्प्यात असते आणि त्याचे विघटन करणारे मायरोसिनेज नावाचे पाचक द्रव्य दुसऱ्या कप्प्यात. किसणीने कप्पे फोडले की दोघांची गाठ पडते आणि त्यातून जे बाष्पशील तिखट तेल सुटते ते जिभेपेक्षा नाकावर जास्त चढते. आपल्या मोहरीतही तेच द्रव्य आणि तेच तेल! म्हणून मोहरी फेसावयाची ती थंड पाण्याने. कढत पाणी घातले तर ते पाचक द्रव्य मरते आणि मोहरी नुसती कडू लागते. फोडणीत तडतडलेली मोहरी नाकात का जात नाही, याचेही उत्तर येथेच आहे. पाश्चात्य लोक किसलेल्या मुळीवर सिरका ओततात तो केवळ आंबटपणासाठी नव्हे. त्या आम्लाने ती क्रिया थांबते, म्हणून सिरका लवकर ओतला तर चव सौम्य राहते व उशिरा ओतला तर मस्तकात जाते. आपल्या सुगरणी फेसलेल्या मोहरीत लिंबू पिळतात तेव्हा त्याही हेच करीत असतात.

शेवग्याच्या मुळीतील तिखट द्रव्य याच घराण्यातले, पण थोडे निराळे. आणि ते पपईच्या बियांतही असते. खात्री करून घ्यावयाची असेल तर पपई चिरताना एक काळी बी चावून पाहावी. वनस्पतिशास्त्रज्ञ मोहरी, शेवगा आणि पपई यांना एकाच मोठ्या गणात घालतात. दिसण्यात यांचे काही एक साम्य नाही. एकत्र कुटुंबात असे असतेच.

माईंचा शेवग्यावर राग आहे असे मात्र कोणी समजू नये. त्या झाडाची सर्वांत जास्त काळजी त्याच घेतात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातुरास पाणी नव्हते. मांजरा धरण आटले, नळास महिनोन्‌महिने पाणी नाही, शेवटी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी १२ एप्रिलला आली, हे सर्व देशाने वर्तमानपत्रांत वाचले. घरांत काय चालले होते ते मात्र वर्तमानपत्रांत आले नाही. या घरात तांदूळ धुतलेल्या पाण्याने भांडी विसळत, त्या पाण्याने मोरी धूत, आणि ते गढूळ ओंजळभर पाणी माई हाताने शेवग्याच्या आळ्यात नेऊन घालीत. लिंबू वाळले, कढीलिंबाने मान टाकली, शेवगा राहिला. त्या चैत्रात पेठेत भाजी घेण्याची सोय नसता या झाडाच्या शेंगा आणि पाला यांवर घर चालले, असे बहीण सांगते. येसरात शिजविलेल्या शेंगा, पाल्याचे पिठले, करडईच्या तेलात परतलेला मोहोर. करडईचे तेल पुण्याकडे आता दुर्मिळ झाले आहे. मराठवाड्यात त्याची चव अजून जिवंत आहे.

आणि तरीही हे झाड दारासमोर लावू नये असे सर्वत्र म्हणतात! आपल्याकडे एक जुनी गोष्ट सांगतात. काही भाऊ परसातल्या शेवग्याच्या शेंगा रात्री गुपचूप विकून कसेबसे पोट भरीत आणि दिवसा प्रतिष्ठेने घरी बसत. एक आप्त पाहुणा आला, त्याने हे ओळखले आणि पहाटे निघताना झाड तोडून टाकले. मग निरुपायाने भाऊ कामाला लागले आणि सुखी झाले. ही गोष्ट मला कधीच आवडली नाही. आळशी होते ते भाऊ आणि कुऱ्हाड पडली ती झाडावर! शिवाय त्या शेंगा तोडून, जुड्या बांधून देणाऱ्या त्या घरच्या बायका कोठे घरी बसल्या होत्या, हे गोष्ट सांगणारा सांगत नाही.

दारासमोर न लावण्याची खरी कारणे साधी आहेत. शेवग्याचे लाकूड ठिसूळ. वाऱ्याने फांदी मोडते आणि चढलेले मूल खाली येते. पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ अळ्यांचे थवे बसतात, त्यांचा केस लागला तर अंगास कंड सुटते. म्हणून झाड परसात असावे, पोरांना त्यावर चढू देऊ नये, आणि दरवर्षी शेंगा संपल्यावर छातीइतक्या उंचीवर छाटावे, म्हणजे फांद्या आटोक्यात राहतात व शेंगा हाताशी येतात. काळ्या जमिनीत लावावयाचे तर उंचवट्यावर. पाणी कमी पडले तर शेवगा सोसतो, पाणी साचले तर सोसत नाही.

लातूरचा मुक्काम आटोपून मी मोटारीने नांदेडास निघाले. चाकूर, अहमदपूर, लोहा असा हा रस्ता बालाघाटाच्या माथ्यावरून जातो. दोन्ही बाजूंस हरभरा, करडई आणि कोठे कोठे तुरीची कापणी. या भागाचे एक वैशिष्ट्य असे की दोन भाषांच्या सीमा याला लागून आहेत. उदगीर-निलंग्याकडच्या बाजारात शेवग्याच्या शेंगेस नुग्गेकाई म्हणणारी कानडी म्हातारी भेटते. देगलूर-बिलोलीकडे मुनगा म्हणणारी तेलुगू बाई भेटते. आणि हैदराबादी वळणाचे मुसलमान व्यापारी सहजना म्हणतात. विलायती शास्त्रीय नाव ‘मोरिंगा’, तेही तमिळ ‘मुरुंगै’वरून गेलेले. इतक्या नावांच्या झाडास दरिद्री म्हणावयास जीभ कशी रेटते कोण जाणे.

नांदेडास मी उतरले ती जुन्या ओळखीच्या एका घरी. शहर आता ओळखू येत नाही; २००८ साली गुरुगद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने रस्ते रुंद झाले, जुन्या गल्ल्या उघड्या पडल्या. गुरु गोविंदसिंहांनी १७०८ साली येथे देह ठेवला. आजची गुरुद्वाऱ्याची संगमरवरी वास्तू महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधविली, आणि त्याच सुमारास पंजाबातून निजामाच्या चाकरीस आलेल्या शिपायांची पुष्कळ घरे या मुलखात कायमची राहिली. त्यांना दखनी शीख म्हणतात. पाच-सहा पिढ्या येथे गेल्या. घरात पंजाबी, दखनी उर्दू आणि मराठी अशा तीन भाषा एकाच वाक्यात ऐकू येतात. आमच्या यजमानीणबाईंच्या शेजारी असेच एक कुटुंब आहे. तेथील वृद्ध आजींकडे आम्ही हळदीकुंकवाच्या नव्हे, पण त्याच जातीच्या भेटीस गेलो. चहाबरोबर मठरी आली आणि मठरीबरोबर एका चिनी मातीच्या बरणीतले लोणचे.

मी एक फोड तोंडात घातली. पांढरी, मुळ्यासारखी करकरीत. पहिल्या क्षणी मीठ आणि सरसोंचे तेल, आणि दुसऱ्या क्षणी नाकाच्या मुळापासून कपाळापर्यंत एक कळ! लातूरच्या परसात जी निघाली नाही ती मुळी येथे बरणीत माझी वाट पाहत होती. पंजाबात सुहांजन्याच्या मुळीचे लोणचे जुन्या काळापासून घालतात. ती चव शिपायांच्या घरांनी गोदावरीच्या काठी आणली.

“पण झाड मरत नाही का?” मी विचारले.

आजी हसल्या. “झाडाला कोण हात लावतंय, बेटी? ही तर पोरं आहेत, पोरं!”

त्यांनी मागच्या अंगणात नेऊन दाखविले. सिमेंटच्या फुटक्या हौदात भुसभुशीत माती व वाळू भरलेली, आणि तीत चार-चार बोटांवर शेवग्याची रोपे कोथिंबिरीसारखी दाट. जुन्या झाडाच्या वाळक्या शेंगांतले पंखवाले बी आषाढात टाकावयाचे, पहिल्या पावसाने ते आठवड्या-दीड आठवड्यात उगवते. दाट असल्याने रोपे उंच होत नाहीत. आणि कार्तिक-मार्गशीर्षापर्यंत प्रत्येकाखाली बोटाएवढी किंवा त्याहून जाड पांढरी मुळी फुगते. रोप अलगद उपटावे, पाला भाजीस घ्यावा, मुळी धुवावी. येथपर्यंत सोपे. यापुढे आजींनी माझ्या हातास धरून सांगितले ते हे, की वरची साल खरवडून पूर्ण काढावी, तिचा करडा अंशसुद्धा राहू देऊ नये. ती साल जनावरांपुढेही टाकू नये, मातीत पुरावी. मग फोडी करून मीठ लावून एक दिवस उन्हात, नंतर हळद, तिखट, मोहरीची पूड, आणि तेल वर तरंगेल इतके. वाढावयाचे ते चिमटीने, चमच्याने नव्हे. एका जेवणास दोन फोडी म्हणजे पुष्कळ.

“आणि जिला दिवस गेले असतील तिला?”

आजींनी प्रश्न पुरा होऊ दिला नाही. कानाच्या पाळ्यांस हात लावून त्या म्हणाल्या, “बरणीचं झाकणसुद्धा तिच्यासमोर उघडत नाही आम्ही.” माई औशाच्या, या आजींचे पूर्वज पंजाबचे, दोघींची गाठ कधी पडलेली नाही.

किसून खावयाची असेल तर हीच कोवळी मुळी साल काढून ऐन वेळी बारीक किसावी, दोन-तीन मिनिटांनी लिंबू पिळावे, मीठ घालावे, आणि घट्ट दह्यात कालवावे. ज्वारीच्या भाकरीबरोबर, उकडलेल्या रताळ्याबरोबर किंवा काकडीच्या कोशिंबिरीत ती छान लागते. वाटीभर कोशिंबिरीस पाव चमचा पुरे. विलायती घोडमुळ्यापेक्षा ही जरा कडवट आहे असे, ज्यांनी दोन्ही खाल्ली आहेत असे लोक सांगतात. गर्भवतीप्रमाणे अंगावर पाजणाऱ्या आईनेही ती टाळावी, आणि लहान मुलांच्या हाती देऊ नये. शिजविलेल्या पाल्याची गोष्ट निराळी. तो बाळंतिणीस दूध यावे म्हणून पुष्कळ प्रांतांत आणि थेट फिलिपाईन्सपर्यंत आवर्जून देतात.

शेवग्याचे वाळलेले बी आणखी एका कामी येते, ते नांदेडच्या घाटावर गोदावरीचे पावसाळी पाणी पाहिले तेव्हा मला विशेष पटले. सोललेले बी कुटून गढूळ पाण्यात ढवळले तर गाळ एकत्र होऊन तळाशी बसतो. आपल्याकडे याकरिता निवळीचे बी किंवा तुरटी वापरीत. सुदानातील खेड्यांत स्त्रिया नाईल नदीच्या पाण्यास शेवग्याचेच बी लावीत आल्या आहेत, आणि अलीकडे शास्त्रज्ञांनी त्या बियांतील प्रथिनांचा हा गुण तपासून मान्य केला आहे. पाणी निवळले तरी उकळावे मात्र लागतेच.

निघताना आजींनी मला कागदाच्या पुडीत मूठभर बी दिले. ते मी लातुरास पाठवून दिले आणि सोबत कृती लिहिली. बहिणीचे उत्तर आले की बी पोचले, भाऊजींनी हौदासाठी विटाही आणून ठेवल्या आहेत. परंतु डबा माईंच्या ताब्यात आहे आणि त्यांनी त्यावर स्वतःच्या हाताने कागद चिकटविला आहे, ‘आषाढात पेरणे. बाळाचे उष्टावण झाल्याखेरीज मुळी उपटू नये.’